वरिष्ठ सरकारी नेमणुका, नोकरभरती आणि संसदेची नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्य निवडणूक आयुक्त, सीबीआयचे संचालक, माहिती आयुक्त अशा पदांवर नवं नाव जाहीर झालं की दोन-चार दिवस गदारोळ होतो आणि मग विषय मागे पडतो. प्रश्न मात्र तेच तेच येत राहतात. या नेमणुकांना संसदेची मंजुरी लागते का? विरोधी पक्षनेत्याने विरोध नोंदवला तरी नेमणूक कशी होते? आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे लाखो जागा रिकाम्या असताना खासदार नेमकं करतात तरी काय? इथे त्यांची उत्तरं दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते उघडपणे मांडलं आहे. थोडक्यात ते असं: निवड समितीत कोण बसतं यावर आपण खूप वाद घालतो. समितीपुढे कोणते कागद आले आणि किती वेळ आधी आले, याची चौकशी मात्र जवळजवळ कुणी करत नाही.

मोठ्या पदांवरच्या नेमणुकांना आपल्या संसदेची मंजुरी लागते का?

नाही. भारतात कोणत्याही वरिष्ठ पदावरच्या व्यक्तीचं नाव मंजुरीसाठी लोकसभेत किंवा राज्यसभेत मांडलं जात नाही. सचिव, सहसचिव, सार्वजनिक उपक्रमांचे प्रमुख यांची नावं मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते. घटनात्मक पदांवर राष्ट्रपती नेमणूक करतात, म्हणजे व्यवहारात सरकारच्या सल्ल्याने.

संसदेचा हात तीन ठिकाणी पोहोचतो. निवड कशी करायची याचा कायदा ती करते, आणि त्यातल्या काही कायद्यांनी विरोधी पक्षनेत्याला निवड समितीत जागा दिली आहे. नेमणूक झाल्यावर प्रश्न, चर्चा आणि समित्यांच्या मार्गाने ती सरकारला जाब विचारू शकते. काही पदांवरून व्यक्तीला काढण्याचा अधिकारही तिच्याकडे आहे: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, कॅग (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) आणि मुख्य निवडणूक आयुक्त यांना दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केल्याशिवाय हटवता येत नाही. म्हणजे ज्यांना काढायला संसद लागते, त्यांना नेमताना तिला कुणी विचारत नाही.

घटना लिहिताना याचा विचार झाला नव्हता का?

झाला होता, आणि चांगला खोलवर. जून १९४९ मध्ये घटना समितीत निवडणूक आयोगाच्या तरतुदीवर चर्चा चालू असताना शिब्बनलाल सक्सेना यांनी दुरुस्ती सुचवली होती. मुख्य निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने पुष्टी मिळावी, अशी ती सूचना होती. पुढे येणारे पंतप्रधान कसे असतील हे आज सांगता येत नाही, ही त्यामागची काळजी.

डॉ. आंबेडकरांनी ती काळजी उडवून लावली नाही. आयुक्ताचा कार्यकाळ कितीही सुरक्षित केला, तरी त्या खुर्चीवर मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस येऊ नये यासाठी मसुद्यात काहीच नाही, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. अमेरिकी सिनेटच्या पुष्टीची पद्धत त्यांच्यासमोर होती. पण न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या चर्चेत त्याच वर्षी त्यांनी त्या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले होते: ती किचकट आहे, आणि तिच्यामुळे नेमणुकांत राजकीय दबाव शिरू शकतो. शेवटी अनुच्छेद ३२४ मध्ये मध्यममार्ग निघाला. संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन राहून राष्ट्रपती नेमणूक करतील, असं ठरलं.

तो कायदा यायला २०२३ उजाडलं. मधल्या सात दशकांत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, त्यामुळे हे पाप एकाच पक्षाच्या माथी मारता येत नाही.

विरोधी पक्षनेता कोणकोणत्या निवड समित्यांत असतो?

मुख्य पदं अशी:

- केंद्रीय दक्षता आयुक्त: पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता (२००३ चा कायदा).
- मुख्य माहिती आयुक्त व माहिती आयुक्त: पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री (माहिती अधिकार कायदा, २००५).
- सीबीआयचे संचालक: पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश.
- लोकपाल: पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश किंवा त्यांचे प्रतिनिधी आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ.
- राष्ट्रीय मानवी हक्क आयोग: सहा जणांची समिती. यात पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभा अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते.
- मुख्य निवडणूक आयुक्त व निवडणूक आयुक्त: पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक कॅबिनेट मंत्री (२०२३ चा कायदा).

सीबीआय आणि लोकपाल सोडले तर बाकी ठिकाणी न्यायपालिकेचा प्रतिनिधी नाही, आणि तीन जणांच्या समितीत दोन मतं सरकारची असतील तर निकाल आधीच ठरलेला असतो.

कॅग आणि यूपीएससीच्या अध्यक्षांच्या निवडीत संसद कुठे असते?

कुठेच नाही. ही मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट आहे. सरकारच्या खर्चाचा हिशेब तपासून संसदेला अहवाल देणाऱ्या कॅगची निवड ज्याचा हिशेब तपासायचा ते सरकारच करतं. घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये म्हटलं होतं. निवृत्तीनंतर त्याला सरकारात दुसरं पद घेता येत नाही, त्याला सहज हटवता येत नाही, ही संरक्षणं आहेत. पण तो निवडण्यासाठी कोणतीही समिती कायद्यात नाही, पात्रतेचे निकष नाहीत, आणि संसदेच्या लोकलेखा समितीला तोंडी विचारण्याचीही सक्ती नाही. याच लोकलेखा समितीचं सगळं काम कॅगच्या अहवालांवर चालतं.

यूपीएससीचे अध्यक्ष आणि सदस्य अनुच्छेद ३१६ खाली राष्ट्रपती नेमतात. तिथेही विरोधी पक्षाला जागा नाही.

विरोधी पक्षनेत्याने विरोध केला तर नेमणूक थांबते का?

थांबत नाही. समितीचा निर्णय बहुमताने होतो. पण तो विरोध वाया जातो असं समजू नका. याचं उत्तम उदाहरण म्हणजे पी. जे. थॉमस यांची केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून झालेली नेमणूक.

सप्टेंबर २०१० मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांची समिती बसली. समोर तीन नावं होती. थॉमस यांच्या नावाला स्वराज यांनी आक्षेप घेतला, कारण केरळमधल्या पामतेल आयात प्रकरणात त्यांचं नाव आरोपपत्रात होतं. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने नाव पक्कं झालं आणि नेमणूकही झाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा फाइल उघडली. कार्मिक विभागाच्या २००० ते २००४ मधल्या टिपणांत थॉमस यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू करावी असं लिहिलेलं होतं. ती टिपणं समितीपुढे आलीच नव्हती. समितीला दिलेल्या परिचयपत्रात त्या खटल्याचा उल्लेख नव्हता. ३ मार्च २०११ रोजी न्यायालयाने नेमणूक रद्द केली. थॉमस व्यक्तिशः प्रामाणिक आहेत की नाहीत हा मुद्दा नसून त्या संस्थेची विश्वासार्हता टिकेल का हे समितीने पाहायला हवं होतं, असं निकालात म्हटलं आहे.

त्याच निकालातली दोन वाक्यं फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. निर्णय एकमतानेच व्हावा ही मागणी न्यायालयाने फेटाळली, म्हणजे विरोधी पक्षनेत्याला नकाराधिकार नाही. पण एखाद्या सदस्याने असहमती दाखवली तर त्याने कारणं द्यावीत, आणि ती असहमती बाजूला सारणाऱ्या बहुमतानेही आपली कारणं लिहावीत, असंही न्यायालयाने सांगितलं. मला या सगळ्या विषयात सर्वाधिक उपयोगी वाटणारा नियम हाच. कारण लिहावं लागलं की फाइल नीट वाचावी लागते.

समितीतल्या सदस्यांना नावं तपासायला किती वेळ मिळतो?

कायद्यात किमान मुदत ठरवलेली नाही. परिणाम काय होतो ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. निवडणूक आयुक्तांच्या दोन रिकाम्या जागा भरायच्या होत्या आणि लोकसभा निवडणूक तोंडावर होती. समितीत असलेले काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी यांनी बैठकीनंतर सांगितलं की आदल्या रात्री त्यांच्या हाती २१२ नावांची यादी आली, आणि त्यातून निवडलेली सहा नावं बैठक सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी. १४ मार्चला ज्ञानेश कुमार आणि सुखबीर सिंग संधू यांची नेमणूक झाली. चौधरींनी असहमती नोंदवली होती.

मे २०२१ मध्ये सीबीआय संचालकांच्या निवडीतही त्यांची तक्रार अशीच होती: सुरुवातीला शंभरावर नावं, बैठकीच्या दिवशी दुपारी दहा, आणि संध्याकाळपर्यंत सहा. त्या बैठकीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. सेवेचे सहा महिनेही शिल्लक नसलेल्या अधिकाऱ्याचा विचार करू नये, या नियमाकडे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी लक्ष वेधलं आणि चर्चेतली दोन नावं बाजूला पडली, असं वृत्त तेव्हा सगळीकडे आलं. अखेर महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक सुबोध जयस्वाल यांची निवड झाली. समितीत बसलेल्या एकाने नियम वाचून ठेवलेला होता, एवढ्यानेच चित्र बदललं.

आता २१२ नावांचा हिशेब करून बघा. एका माणसाचा सेवाकाळ, त्याच्यावरच्या चौकशा, मालमत्तेचं विवरण, पूर्वीच्या पदांवरचे निर्णय हे सगळं बघायला अर्धा तास धरला, तरी शंभरपेक्षा जास्त तास लागतील. एका रात्रीत हे शक्य नाही. समितीत कुणीही बसवा, कागद उशिरा आले तर त्याची सही फक्त हजेरीपुरती उरते.

२०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांच्या निवडीत नेमकं काय बदललं?

२ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने अनूप बरनवाल प्रकरणात निकाल दिला: संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणुका व्हाव्यात. याच सुनावणीदरम्यान अरुण गोयल यांच्या नेमणुकीची फाइल न्यायालयाने मागवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आणि आयुक्तपद यांत जेमतेम एका दिवसाचं अंतर होतं, आणि त्या वेगाबद्दल न्यायमूर्तींनी उघड प्रश्न विचारले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी कॅबिनेट मंत्री आणला. कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची शोध समिती पाच नावं सुचवते, पण निवड समितीला त्या पाचांच्या बाहेरचं नावही घेता येतं. लोकसभेने हे विधेयक २१ डिसेंबरला मंजूर केलं तेव्हा विरोधी बाकांवरचे खासदार मोठ्या संख्येने निलंबित होते. नेमणुकांवर संसदेची नजर कशी असावी हे ठरवणारा कायदा अर्ध्या रिकाम्या सभागृहात मंजूर व्हावा, याचं मला आजही वाईट वाटतं. कायद्याला स्थगिती द्यायला न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये नकार दिला.

यात सरकारची काही बाजू आहे की नाही?

आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी. नेमणूक करणं हे कार्यपालिकेचं काम आहे आणि त्याची जबाबदारीही तिचीच, असा पहिला मुद्दा. न्यायालयाने स्वतःच म्हटलं होतं की आपली व्यवस्था कायदा होईपर्यंतच आहे, त्यामुळे संसदेने वेगळी समिती ठरवली तर त्यात अवमान नाही, हा दुसरा. आणि २०२३ पूर्वी तर विरोधी पक्षनेत्याला निवडणूक आयुक्तांच्या निवडीत जागाच नव्हती, आता ती आहे. तिन्ही मुद्दे खरे आहेत. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे: जागा दिली, पण तयारीचा वेळ दिला नाही.

विरोधी पक्षनेताच नसेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता. सभागृहाच्या एक दशांश जागा, म्हणजे ५५, असाव्यात ही रूढी. काँग्रेसकडे २०१४ मध्ये ४४ होत्या आणि २०१९ मध्ये ५२. माहिती अधिकार आणि सीबीआयच्या कायद्यांत पर्याय आहे: विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा किंवा गटाचा नेता बसतो. लोकपाल कायद्यात तशी सोय ठेवलेली नव्हती. कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला आणि पहिले लोकपाल, न्या. पिनाकी चंद्र घोष, मार्च २०१९ मध्ये आले. मधल्या काळात काँग्रेसचे तेव्हाचे लोकसभेतले नेते मल्लिकार्जुन खर्गे यांना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं जायचं आणि मत देण्याचा अधिकार नसेल तर येणार नाही असं ते कळवायचे. विरोधी पक्षनेत्याशिवायही समिती काम करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्येच सांगितलं होतं. तरी दोन वर्षं गेली.

महाराष्ट्रातही हा मुद्दा जवळचा आहे. राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीत मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री असतात. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जणांच्या सभागृहात विरोधातल्या एकाही पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेत काय करतात?

अमेरिकेत घटनेनेच सिनेटला अधिकार दिला आहे. हजाराहून जास्त पदांवरच्या नावांना सिनेटची पुष्टी लागते, सुनावणी उघड होते आणि नाव नाकारलंही जातं. १९८९ मध्ये संरक्षणमंत्रिपदासाठी जॉन टॉवर यांचं नाव ५३ विरुद्ध ४७ मतांनी पडलं. दोष असा की पक्षीय अडवणुकीमुळे पदं महिनोन्‌महिने रिकामी राहतात.

आपल्याला ब्रिटनची पद्धत जास्त जवळची, कारण तिथेही संसदीय लोकशाही आहे. २००८ पासून तिथे काही महत्त्वाच्या पदांसाठी नेमणुकीआधी सुनावणी होते. सरकार नाव ठरवतं, मग संबंधित विषयाची संसदीय समिती त्या व्यक्तीला बोलावते, तास-दीड तास प्रश्न विचारते आणि अहवाल देते. अहवाल बंधनकारक नसतो. २०१६ मध्ये शाळा तपासणी संस्थेच्या प्रमुखपदासाठी अमांडा स्पीलमन यांच्या नावाला शिक्षण समितीने पसंती दिली नाही, तरी मंत्र्यांनी त्यांनाच नेमलं. एक महत्त्वाचा अपवाद आहे. अर्थसंकल्पीय अंदाज बांधणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाच्या प्रमुखासाठी तिथल्या अर्थविषयक समितीची संमती कायद्यानेच लागते. आणि ब्रिटनच्या महालेखापरीक्षकाच्या निवडीला लोकलेखा समितीच्या अध्यक्षांची सहमती लागते, जे पद परंपरेने विरोधी पक्षाकडे असतं.

अशी सुनावणी भारतात आणायची तर घटनादुरुस्ती लागेल का?

बहुतेक पदांसाठी नाही. माहिती आयुक्त, दक्षता आयुक्त, मानवी हक्क आयोग ही कायद्याने निर्माण झालेली पदं आहेत, तेव्हा साध्या बहुमताने कायदा बदलून सुनावणीची पायरी घालता येईल. निवडणूक आयुक्तांसाठीही घटनेने संसदेला कायदा करायला मोकळीक दिलेलीच आहे. कॅगसाठी तर सरकारने ठरवलं तर उद्यापासून प्रथा पाडता येईल: नाव जाहीर करा आणि शपथेआधी ती व्यक्ती लोकलेखा समितीपुढे येऊ द्या.

आपल्याकडे विषयवार स्थायी समित्या तयार आहेत. एकूण २४ आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. अडचण दुसरी आहे. या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. खुली सुनावणी आणली की कॅमेऱ्यासाठी बोलणारे वाढतील, अशी भीती काही अनुभवी खासदार व्यक्त करतात, आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणून मी सुरुवात छोटी सुचवेन: माहिती आयुक्तांपासून, बंधन नसलेल्या अहवालाने, पण प्रश्नोत्तरांचा पूर्ण वृत्तांत प्रसिद्ध करण्याच्या अटीवर.

सचिव, सहसचिव यांच्या नेमणुकांवर संसद बोलू शकते का?

व्यक्तीवर नाही, पद्धतीवर बोलू शकते आणि बोललेलीही आहे. केंद्रात वरच्या पदांसाठी अधिकाऱ्यांचं एम्पॅनलमेंट होतं, म्हणजे पात्र अधिकाऱ्यांची यादी ठरते, त्यात वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे लोक यांच्याकडून अनौपचारिक मत घेण्याची 'थ्री सिक्स्टी डिग्री' पद्धत आली. कार्मिक, तक्रार निवारण, विधी व न्याय या विषयांच्या स्थायी समितीने २०१७ मध्ये या पद्धतीला अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ म्हणून ठपका ठेवला.

लॅटरल एन्ट्रीची (बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या पदांवर घेण्याची) जाहिरात संसदेमुळे मागे घेतली गेली का?

नाही, आणि हे नीट लक्षात घ्या. यूपीएससीने १७ ऑगस्ट २०२४ रोजी सहसचिव, संचालक आणि उपसचिव अशा ४५ पदांची जाहिरात दिली. आरक्षण नसल्यावरून विरोधकांनी आणि सत्ताधारी आघाडीतल्याही काही पक्षांनी आवाज उठवला, आणि २० तारखेला मंत्री जितेंद्र सिंह यांच्या पत्रानंतर ती मागे घेतली गेली. संसदेचं अधिवेशन ९ ऑगस्टलाच संपलेलं होतं. म्हणजे निर्णय रस्त्यावरच्या आणि माध्यमांतल्या दबावाने बदलला. २०१८ पासून या मार्गाने ६३ नेमणुका झाल्या, ही माहिती मात्र संसदेत दिलेल्या उत्तरातूनच आपल्याला कळली.

मुदतवाढीवर कोणाचं लक्ष असतं?

फार कमी जणांचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन दोन आठवड्यांवर असताना, सीबीआय आणि ईडीच्या प्रमुखांचा कार्यकाळ एकेक वर्षाने वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता येईल असे दोन वटहुकूम निघाले. पुढे त्यांचे कायदे झाले. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले, पण ईडीचे तेव्हाचे संचालक संजयकुमार मिश्रा यांना २०२१ आणि २०२२ मध्ये दिलेली मुदतवाढ बेकायदा ठरवली. नव्या नेमणुकीत निदान बातमी होते. मुदतवाढीचा आदेश अनेकदा चार ओळींचा असतो आणि संध्याकाळी उशिरा येतो.

साध्या नोकरभरतीवर संसदेचं नियंत्रण कसं चालतं?

इथे संसदेची हत्यारं जास्त आहेत, फक्त ती वापरली जातात याची आपल्याला खबर नसते.

यूपीएससीचा वार्षिक अहवाल अनुच्छेद ३२३ प्रमाणे दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो. त्यासोबत सरकारने आयोगाचा सल्ला कुठे आणि का मानला नाही याचं टिपणही द्यावं लागतं. एमपीएससीसाठी विधिमंडळात हीच तरतूद आहे. एखादं पद आयोगाच्या कक्षेबाहेर काढणारे विनियम अनुच्छेद ३२०(५) खाली किमान १४ दिवस सभागृहांपुढे ठेवावे लागतात, आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्दही करू शकतात. ही तरतूद फार ताकदवान आहे, पण तिच्यावर चर्चा झाल्याचं क्वचितच ऐकू येतं.

सेवाप्रवेश नियम उपविधान समितीच्या, म्हणजे सरकारने केलेले नियम तपासणाऱ्या समितीच्या, नजरेखाली येतात. आरक्षित जागांचा अनुशेष अनुसूचित जाती-जमाती कल्याण समिती आणि इतर मागासवर्गीयांची समिती तपासते, त्यासाठी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून आकडे मागते. रिक्त पदांचा आकडाही संसदेतच बाहेर येतो: १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या खात्यांत सुमारे ९.७९ लाख पदं रिकामी होती, असं लेखी उत्तर सरकारने दिलं आहे. पेपरफुटीविरोधातला केंद्रीय कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाला आणि २१ जूनपासून लागू झाला. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे.

माझ्या खासदारांनी विचारायचं ठरवलं तर नेमकं काय विचारावं?

गोलमाल प्रश्नाला गोलमाल उत्तर येतं. 'रिक्त पदं भरण्यासाठी सरकार काय पावलं उचलत आहे?' असं विचारलं की 'ही निरंतर प्रक्रिया आहे' हे वाक्य परत येतं. त्याऐवजी (क) अमुक विभागात अमुक तारखेला गट अ, ब, क मध्ये मंजूर पदं किती आणि भरलेली किती, (ख) त्यापैकी किती पदांचं मागणीपत्र आयोगाकडे गेलं आणि कोणत्या तारखेला, (ग) मागणीपत्र न पाठवण्याची कारणं काय, असं तुकड्यातुकड्यांत मागा. तारखा मागितल्या की विलंब नेमका कुठे झाला ते उघडं पडतं.

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि पुरवणी प्रश्न मिळतात, पण लोकसभेत दिवसाला वीसच घेतले जातात आणि त्यातले थोडेच प्रत्यक्ष पुकारले जातात. आकडे हवे असतील तर लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न बरा. 'माहिती गोळा केली जात आहे व सभापटलावर ठेवली जाईल' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. ते आश्वासन मानलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. त्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.

माझी स्वतःची निवड अडकली आहे. खासदार ते प्रकरण संसदेत मांडू शकतात का?

एका उमेदवाराच्या तक्रारीसाठी प्रश्नोत्तराचा तास नाही. केंद्रीय सेवेसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आणि राज्य सेवेसाठी राज्याचं न्यायाधिकरण हा मार्ग आहे. पण तुमच्यासारखे शेकडो जण एकाच नियमामुळे अडकले असतील तर तो धोरणाचा विषय होतो, आणि मग खासदाराने तो जरूर मांडावा.

निवड समितीतली असहमती टिपणं कुठे वाचायला मिळतात?

ठरलेली जागा नाही. ती प्रसिद्ध करण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, त्यामुळे ज्याने लिहिलं त्यानेच बाहेर आणलं तर वाचायला मिळतं. डिसेंबर २०२४ मध्ये मानवी हक्क आयोगाच्या निवडीवर खर्गे आणि राहुल गांधी यांनी, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्तांच्या निवडीवर राहुल गांधी यांनी दिलेली असहमती अशीच लोकांपुढे आली. बहुमताने त्यावर काय कारणं लिहिली, हे मात्र कळत नाही. माहिती आयुक्तांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे, कारण फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडीचे निकष आणि प्रक्रियेची माहिती संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर या निकालाचा हवाला द्या, आणि टिपणाची प्रत मागताना बैठकीची कार्यसूची सदस्यांना कोणत्या तारखेला व किती वाजता पाठवली, तेही विचारा.